जबल अलीहून इनव्हर्नेसला फोन

दुबईहून कुणी परत आलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न सोन्याचा असतो. दुसरा उन्हाचा. आम्ही दोघं नवराबायको सन दोन हजारच्या जानेवारीत लेकीकडे गेलो आणि महिन्याभरानं आलो, तेव्हा मलाही सगळ्यांनी हेच विचारलं. सोन्याचा बाजार पाहिला. खाडीतून लाकडी होडीनं पलीकडे गेलो. ऊन म्हणाल तर जानेवारीत ते लोक संध्याकाळी स्वेटर घालतात. एवढं सांगून झालं की मी एका फुटबॉलच्या मॅचबद्दल बोलायला लागतो, आणि गंमत अशी की ती मॅच मी पाहिलेलीच नाही. ती झाली स्कॉटलंडमध्ये, ग्लासगो शहरात. ती चालू होती तेव्हा मी दुबईत करामा भागातल्या तिसऱ्या मजल्यावर गाढ झोपलो होतो.

आधी माझी ओळख सांगतो. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं आणि गुडघे चालले तोवर पेठेच्या संघाचा गोलकीपर होतो. कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं की आमच्या गावात फुटबॉल म्हणजे नुसता खेळ नव्हे. पेठ आधी, मग आडनाव. माझी बायको नलिनी समोरच्या पेठेतली. लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी तिच्या थोरल्या भावाची पेनल्टी अडवली होती. लग्नात कानपिळीला तो उभा राहिला आणि त्यानं माझा कान असा पिळला की रिसेप्शनच्या फोटोत तो एकच कान टोमॅटोसारखा दिसतो. फोटो काळापांढरा आहे, तरीही.

करामा

आमची लेक माधुरी ऊद मेथातल्या एका भारतीय शाळेत शिकवते. जावई श्रीकांतराव जबल अली बंदरात क्रेनच्या देखभालीच्या खात्यात इंजिनिअर. नात ईशा दहा वर्षांची. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. मी विचारलं, "शाळेत काय काय शिकवतात गं?" तर म्हणाली, "Ajoba, the usual stuff." तीस वर्षं इंग्रजी शिकवून मला 'the usual stuff' चं चांगलं मराठी अजून सापडलेलं नाही.

पहिल्या आठवड्यात आम्ही पायी फिरलो. करामा म्हणजे आपलंच गाव वाटावं. खाली केरळी माणसाचं हॉटेल, शेजारी शिंपी, त्याच्या पलीकडे कढीपत्ता आणि शेवग्याच्या शेंगा विकणारं दुकान. नलिनीनं केळी घेतली, दिरहमचे रुपये करायला मनात बारानं गुणलं आणि दुकानदाराकडे असं पाहिलं की तो बिचारा हिंदीत म्हणाला, "आंटी, यहाँ पेड नहीं उगता." इमारतींच्या मागं मोकळी वाळूची जागा होती. संध्याकाळी तिथे पोरं अनवाणी फुटबॉल खेळत. मी रोज कठड्याला टेकून उभा राहायचो.

श्रीकांतरावांनी ते पाहिलं असावं. एका रात्री जेवताना म्हणाले, "बाबा, आमचे बॉस आहेत ना, अ‍ॅलस्टर, ते फुटबॉलचे वेडे आहेत. स्कॉटलंडचे. तुम्ही गोलकीपर होतात असं मी बोलता बोलता सांगितलं, तर म्हणाले, शनिवारी संध्याकाळी त्यांना घेऊन ये. त्यांच्या गावच्या टीमची मॅच आहे. रेडिओवर ऐकायची."

"जिंकणार का त्यांची टीम?"

श्रीकांतराव हसले. "समोर ग्लासगोच्या सगळ्यात मोठ्या दोन क्लबांपैकी एक आहे. युरोपचा कप जिंकलेला. आणि ह्यांची टीम खालच्या विभागातली. पाच-सहा वर्षांपूर्वी जन्मलेली."

जबल अली, शनिवार

शहर संपलं की तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती वाळू होती. मध्येच एखादी उंच इमारत, चुकून उभी राहिल्यासारखी. मग लांबवर बंदराच्या क्रेन दिसायला लागल्या, पाण्यावर वाकलेल्या बगळ्यांसारख्या. कामगारांच्या बसगाड्या परतत होत्या. खिडक्यांना टेकलेली डोकी, बहुतेक झोपलेली.

अ‍ॅलस्टर राहायचे ते बैठ्या बंगल्यांच्या वसाहतीत. दारात बोगनवेल, अंगणात कडुलिंब. कडुलिंब पाहून नलिनीला इतकं बरं वाटलं की तिनं आधी झाडाला हात लावला आणि मग यजमानांना नमस्कार केला. यजमान माझ्याच वयाचे, साठीचे. उंच, लालबुंद, थंडीतही अर्धी चड्डी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा केला आणि वाकडी झालेली करंगळी पाहून म्हणाले, "हां, कीपरच." त्या दिवसापासून त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. त्यांचं इंग्रजी मला पहिला अर्धा तास अजिबात कळलं नाही. मी आयुष्यभर शिकवलेली भाषा हीच का, असा प्रश्न पडला. पुढे कान बसला. त्यांचं बोलणं मी इथे मराठीतच देतो.

टेबलावर मोठा रेडिओ, त्याची तार खिडकीतून थेट कडुलिंबावर. यजमान, श्रीकांतराव आणि आम्ही दोघं सरसावून बसलो. खरखर, मग आवाज, पुन्हा खरखर. निवेदकानं बऱ्याच मॅचेसची नावं घेतली आणि शेवटी सांगितलं की ग्लासगोची मॅच रद्द झाली आहे. वादळी वाऱ्यानं स्टेडियमच्या छपराची पन्हळ निखळून लोंबते आहे. प्रेक्षकांच्या डोक्यात पडेल.

मी नलिनीला सांगितलं. ती म्हणाली, "पन्हळ निखळली म्हणून खेळ बंद? आमच्याकडं माणसं पत्र्यावर बसून मॅच बघत्यात की!"

हे मी इंग्रजीत सांगितल्यावर अ‍ॅलस्टर इतके हसले की त्यांना खोकला आला. मॅच नाही तर नाही, म्हणून त्यांनी ओव्हनमधून मटणाची 'पाय', म्हणजे मटण भरून भाजलेली जाड पोळी, काढली आणि जेवताना गप्पा सुरू झाल्या. मी त्यांना आमच्या पेठा सांगितल्या, झेंडे सांगितले, कानपिळी सांगितली. ते म्हणाले, "कीपर, एक विचारतो. समजा तुमच्या दोन पेठांच्या टीम मोडल्या आणि दोघांची मिळून एकच केली, तर?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. "तसं होणं शक्य नाही."

"आमच्या गावात झालं."

त्यांचं गाव इनव्हर्नेस. स्कॉटलंडच्या उत्तरेला, डोंगराळ भागात. तिथे शंभर वर्षं जुने क्लब होते आणि एकमेकांशी हाडवैर. पण इतक्या लहान क्लबांना देशाच्या लीगमध्ये कोण घेणार? मग असं ठरलं की त्यातल्या दोघांनी एक व्हायचं, तरच जागा मिळेल. गाव उभं चिरलं गेलं. अ‍ॅलस्टर तेव्हा सुट्टीवर घरी गेले होते. सभेला थोरल्या भावाबरोबर गेले. भाऊ डोनाल्ड, धंद्यानं सुतार. जुन्या मैदानाच्या लाकडी बाकांपैकी निम्मे त्यानं स्वतःच्या हातानं दुरुस्त केलेले.

"मी एकत्र येण्याच्या बाजूनं हात वर केला," अ‍ॅलस्टर म्हणाले. "डोनाल्ड शेजारीच बसला होता. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. मग उठला, टोपी घातली आणि निघून गेला. त्या रात्री म्हणाला, मी मरेपर्यंत त्यांच्या मैदानावर पाय ठेवणार नाही. आणि तुझ्याशीही मला बोलायचं नाही."

"आणि मग?"

"खलास. तेव्हापासून बोलला नाही. मागच्या वर्षी त्याच्या छातीचं ऑपरेशन झालं, तेही मला शेजारणीकडून कळलं."

परतताना गाडीत नलिनी खिडकीबाहेर बघत होती. वाळू अंधारात नाहीशी झाली होती. मग म्हणाली, "माझ्या भावानं कान पिळला, पण तोंड तरी नाही फिरवलं."

खोर फक्कान, शुक्रवार

तिकडे सुट्टी शुक्रवारची. अ‍ॅलस्टरनी निरोप पाठवला की कीपर आणि मॅडमना पूर्वेचा समुद्र दाखवतो, सकाळी तयार राहा. माधुरीला पेपर तपासायचे होते, श्रीकांतराव ड्यूटीवर. आम्ही दोघं आणि मागच्या सीटवर ईशा, असे त्यांच्या जीपमधून निघालो. नलिनीनं थालीपीठं, दही आणि लसणाची चटणी बांधून घेतली होती.

सपाट वाळू हळूहळू तांबूस झाली, तिच्या टेकड्या झाल्या आणि मग एकदम डोंगर उभे राहिले. झाड नाही, गवत नाही. आपल्या सह्याद्रीला उन्हाळ्यातसुद्धा कुठेतरी हिरवं ठिगळ असतं. इथे डोंगर म्हणजे तव्यावर करपलेल्या भाकरी एकावर एक रचून ठेवाव्यात तसे. वाटेत मसाफी नावाच्या गावात रस्त्याच्या कडेला बाजार. गालिचे, मातीची भांडी, फणसाएवढी कलिंगडं. तिथला पठाण दुकानदार नलिनीला म्हणाला, "बहनजी, गालिचा ले लो, सौ साल चलेगा." ती म्हणाली, "भैया, मैं सौ साल नहीं चलूँगी." त्यानं खूश होऊन आम्हाला चहा पाजला.

पुढे अ‍ॅलस्टरना आम्हाला पाण्याचा एक डोह दाखवायचा होता. तो रस्त्यापासून आत, कोरड्या नदीच्या पात्रातून. "यल्ला!" म्हणजे 'चला', असं म्हणून त्यांनी जीप खाली घातली आणि गोट्यांमध्ये मागचं चाक रुतवलं. मी आणि ते ढकलायला लागलो, ईशा स्टिअरिंगवर बसून सूचना द्यायला लागली, नलिनी चाकाखाली दगड सरकवत होती. आम्ही घामाघूम झालो आणि जीप बाहेर आली तेव्हा लक्षात आलं की बाजूच्या दगडावर ठेवलेली डब्याची पिशवी जागेवर नाही. पलीकडे तीन बकऱ्या थालीपीठं खात होत्या. चटणी मात्र त्यांनी चाखून सोडून दिली होती. "Smart goats," ईशा म्हणाली.

खोर फक्कानला पोचलो तेव्हा भुकेनं जीव गेला होता. डोंगर सरळ समुद्रात उतरतात आणि मध्ये अर्धचंद्रासारखी वाळू. कोळी जाळी ओढत होते. एका केरळी खानावळीत ताजी सुरमई तळून मिळाली, बरोबर जाड भात. आम्ही बोलण्याच्या स्थितीतच नव्हतो. पोट भरल्यावर ईशा शिंपले गोळा करायला गेली आणि आम्ही तिघं वाळूवर बसलो.

अ‍ॅलस्टर समुद्राकडे पाहत म्हणाले, "मंगळवारी मॅच आहे. पन्हळ बसवली म्हणे. आम्ही हरणार, हे नक्की. पण जिंकलो, इन्शाल्ला, तर मी डोनाल्डला फोन करीन. त्या दिवशी तो रिसीव्हर आपटणार नाही."

मी हे नलिनीला सांगितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "त्यांना विचारा, आणि हरलात तर?"

मी विचारलं.

"हरलो तर कशाला? तो म्हणेल, बघ, मी सांगत होतो."

"म्हणू दे की," नलिनी म्हणाली. "जिंकल्यावर सगळं गाव असतं. हरल्यावरच भाऊ लागतो. मॅचच्या आधीच लावा म्हणावं फोन."

मी भाषांतर केलं. एवढं काळजीपूर्वक भाषांतर मी परीक्षेतही कधी केलं नसेल. अ‍ॅलस्टर वाळूत बोटानं रेघा ओढत बसले. मग म्हणाले, "तो फोन ठेवून देईल."

"ठेवू दे. आवाज तरी ऐकल."

करामा, मंगळवार

मॅच दुबईच्या घड्याळानं मध्यरात्रीच्या सुमाराला सुरू होणार होती. नलिनीनं अ‍ॅलस्टरना संध्याकाळी जेवायला बोलावलं. सकाळपासून घरात तांबडा आणि पांढरा रस्सा शिजत होता. वाटण वाटायला पाटा नव्हता, मिक्सर होता, त्याबद्दल तिनं जेवताना तीनदा माफी मागितली. ऐकून घ्यायला अ‍ॅलस्टरना वेळ नव्हता. तांबड्या रश्शाचा पहिला भुरका घेऊन ते थांबले, डोळ्यांत पाणी आलं, कपाळावर घाम आला. आम्हाला वाटलं आता पाणी मागतात. त्यांनी वाटी पुढे केली.

जेवण झालं. त्यांनी माधुरीकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमचा फोन वापरू का? मला घरी जाऊन धीर होणार नाही."

आम्ही टीव्ही बंद केला. त्यांनी नंबर पाहिला नाही, बोटांना पाठ होता. इनव्हर्नेसला तेव्हा दुपार असणार. रिसीव्हर कानाला लावून ते ताठ उभे राहिले, शाळेत उत्तर द्यायला उभं राहतात तसे. वाजत राहिला. त्यांनी ठेवला. "बागेत असेल." थोड्या वेळानं परत लावला. पुन्हा तेच.

"दुकानात गेले असतील," माधुरी म्हणाली.

"मंगळवारी तो कुठे जात नाही. ऑपरेशननंतर तर नाहीच." त्यांनी तिसऱ्यांदा लावला. मग शेजारणीला लावला, तीही उचलेना. त्यांचा चेहरा रश्शानं लाल झाला होता, तो उतरत गेला. निघताना दारात नलिनीला म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर होतं. फोन आधी करायला हवा होता. पण मी बहुतेक फारच उशीर केला."

मी जागं राहायचं ठरवलं होतं, पण वयापुढे चालत नाही.

जबल अली, बुधवार

सकाळी श्रीकांतरावांच्या फोननं जाग आली. पलीकडून अ‍ॅलस्टरचा आवाज एवढा मोठा होता की तो मला पलंगावर ऐकू आला. "थ्री-वन! थ्री-वन!" मी उठून बसलो. तीन कुणाचे, एक कुणाचा? ह्यांचेच तीन. ग्लासगोत, त्यांच्याच मैदानावर, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर. मी पन्नाशीनंतर पहिल्यांदा पलंगावरून उडी मारली.

पण मग आवाज खाली आला. भावाचा फोन अजून कुणी उचलत नव्हता. अ‍ॅलस्टरनी त्या दिवशी रजा टाकली होती.

नलिनीनं स्वयंपाकघरातून पोह्यांची पिशवी उचलली, दोन कांदे घेतले आणि म्हणाली, "चला. एकटं कसं सोडायचं माणसाला?" श्रीकांतरावांनी कामावर जाताना आम्हाला बंगल्यावर सोडलं.

अ‍ॅलस्टर रात्रभर झोपले नव्हते. रेडिओवर ती मॅच लागत नव्हती, म्हणून स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या मित्रानं आपला टेलिफोन घरच्या रेडिओसमोर धरून ठेवला होता आणि ह्यांनी इथे बसून ती ऐकली होती. स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांनी मला सगळी मॅच मांडून दाखवली. मिठाची बाटली म्हणजे त्यांचा स्ट्रायकर, नलिनीचे कांदे म्हणजे ग्लासगोचे बॅक. पहिला गोल ह्यांनी केला. ग्लासगोनं लगेच बरोबरी केली. "तेव्हा वाटलं, आता पुरानं वाहून जाणार," ते म्हणाले. पण पूर आलाच नाही. थोड्याच वेळात ग्लासगोच्याच माणसाच्या पायाला लागून बॉल त्यांच्याच जाळ्यात गेला. हाफटाइमला प्रेक्षक आपल्याच टीमला ओरडत होते. आणि उत्तरार्धात पेनल्टी.

"कीपर कुठल्या बाजूला पडला?" मी विचारलं. जन्माची खोड.

"चुकीच्या," ते म्हणाले आणि हसले. तेवढ्यात हसणं मध्येच विझलं. नजर पुन्हा फोनकडे.

तिकडे अजून उजाडलं नव्हतं. नलिनीनं पोहे केले. त्यांनी दोन घास खाल्ले. उजाडण्याच्या वेळेला त्यांनी शेजारणीला उठवलं. ती खिडकीशी जाऊन आली आणि म्हणाली, डोनाल्डच्या घरात दिवा नाही, पडदे ओढलेले आहेत, आणि दारात दुधाची बाटली तशीच आहे. ती कोट घालून दार वाजवून येते म्हणाली.

त्यानंतर आम्ही तिघं जे बसलो, ते कसं सांगू? बाहेर कडुलिंबावर साळुंक्या भांडत होत्या. बंदराकडून बोटीचा भोंगा झाला. अ‍ॅलस्टरच्या हातात अजून मिठाची बाटली होती. मी काहीतरी बोलणार होतो, पण नलिनीनं मला डोळ्यांनी गप्प केलं. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. परक्या पुरुषाच्या खांद्यावर तिनं हात ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्यात वावगं काही वाटलं नाही.

फोन वाजला.

अ‍ॅलस्टरनी उचलला. "हॅलो?" मग काहीच नाही. त्यांचे डोळे मिटलेले. मला वाटलं, संपलं. मग रिसीव्हरमधून एक खरखरीत, बसलेला आवाज ऐकू आला, ओरडून ओरडून घसा गेलेल्या माणसाचा. अ‍ॅलस्टर एकदम खुर्चीत बसले.

"होतास कुठे तू?" ते जवळजवळ किंचाळले. "काल दुपारपासून फोन करतोय! मला वाटलं तू…"

पलीकडचा आवाज काहीतरी म्हणाला. अ‍ॅलस्टरनी रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि आमच्याकडे पाहिलं, जणू आम्ही साक्षीदार व्हावं.

"बसमध्ये?" ते म्हणाले. "कुठल्या बसमध्ये?"

डोनाल्ड काल दुपारी गावच्या लोकांबरोबर बसनं ग्लासगोला गेला होता. मॅच पाहून मध्यरात्रीनंतर परतला आणि कुणालाच झोप येईना म्हणून एका दोस्ताच्या घरी बसून राहिला. पहाटे घरी आला तर दारात शेजारीण कोट घालून उभी. तिनं त्याला आधी शिव्या घातल्या, मग अ‍ॅलस्टरचा नंबर हातात दिला.

"पण तू तर शपथ घेतली होतीस," अ‍ॅलस्टर म्हणाले. "मैदानावर पाय ठेवणार नाही म्हणून."

ह्याचं उत्तर मी माझ्या कानानं ऐकलं. "त्यांच्या मैदानावर म्हणालो होतो. ग्लासगोचं मैदान काही त्यांचं नाही. मी शपथ मोडलेली नाही."

अ‍ॅलस्टर हसायला लागले आणि हसता हसता त्यांना रडू आलं. साठीचा माणूस अर्ध्या चड्डीत, हातात मिठाची बाटली घेऊन रडत होता. मग तो बसका आवाज म्हणाला, "वी वन, अ‍ॅली."

"काय म्हणाले?" नलिनीनं विचारलं.

इंग्रजीत 'वी' एकच. 'आम्ही' की 'आपण', हे शब्दावरून कळायला मार्ग नाही. वर्गात हे मी पोरांना दरवर्षी सांगायचो आणि म्हणायचो, संदर्भ पाहा. मी समोर पाहिलं.

"म्हणाले, आपण जिंकलो."

तिनं मान हलवली आणि कढई घासायला घेतली. दोघं भाऊ मग किती वेळ बोलले कोण जाणे. ऑपरेशनचं बोलले, कुणाकुणाच्या मरणाचं बोलले, छपराच्या कौलांचं बोलले. आम्ही अंगणात कडुलिंबाखाली जाऊन बसलो. श्रीकांतराव दुपारी न्यायला आले तेव्हाही आतून आवाज येतच होता, फक्त आता भांडणाचा होता. पेनल्टी खरंच होती की नव्हती, ह्यावर.

कोल्हापूर

आम्ही मार्च उजाडताना परत आलो. विमानतळावर अ‍ॅलस्टर निरोप द्यायला आले होते. उन्हाळ्यात घरी जाणार म्हणाले, ह्या वेळी पूर्ण रजा घेऊन. टीम पुढच्याच फेरीत हरली होती, पण ते सांगताना त्यांचा चेहरा अजिबात उतरला नाही.

जूनमध्ये एका संध्याकाळी आमच्या घरचा फोन वाजला. इनव्हर्नेसहून. अ‍ॅलस्टर बोलले, हवा सांगितली, तांबड्या रश्शाची आठवण काढली आणि म्हणाले, "कीपर, डोनाल्डला तुझ्याशी नाही, मॅडमशी बोलायचंय."

मी म्हटलं, तिला इंग्रजी येत नाही. ते म्हणाले, ह्याचंही इंग्रजी कुणाला कळत नाही.

मी रिसीव्हर नलिनीच्या हातात दिला आणि दुभाष्या म्हणून शेजारी उभा राहिलो. तिनं मला हातानं बाजूला केलं. पलीकडून तो खरखरीत आवाज सुरू झाला. ही "हां… हां…" करत ऐकत होती. मग हिनं सुरुवात केली, कोल्हापुरीत, मोठ्यानं, कारण माणूस लांब होता. छातीला जपा म्हणाली, जिने चढू नका म्हणाली, धाकट्या भावाला आता सोडू नका म्हणाली. तो मध्ये मध्ये "आय, आय" करत होता, म्हणजे 'हो'. मग तो बोलला, मग ही हसली, मग तोही हसला. मी खुर्चीत जाऊन बसलो. माझं काही काम नव्हतं.

शेवटी तिनं रिसीव्हर ठेवला आणि पदर सारखा केला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "दोघंही जेवलेत."